न दिसणारा सांधा आणि त्याची जबाबदारी

२०२५ साली आपल्या देशातील औद्योगिक सुरक्षिततेशी संबंधित दोन मोठे बदल झाले आणि दोन्ही जवळजवळ निःशब्दपणे झाले. संसदेने १९२३ चा बाष्पक अधिनियम रद्द करून त्याच्या जागी नवा कायदा केला. नंतर २१ नोव्हेंबर रोजी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता अमलात आली आणि १९४८ चा कारखाने अधिनियम, १९७० चा कंत्राटी कामगार अधिनियम यांसह तेरा जुने कायदे तिच्यात सामावले गेले. वेतन, कामाचे तास, संघटनेचे हक्क यांवर थोडीफार चर्चा झाली. परंतु या कायद्यांच्या कलमांचा ज्या प्रत्यक्ष वस्तूंशी संबंध येतो, त्या नळ्या, झडपा आणि सांधे यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हा विषय अभियंत्यांचा, तो त्यांनीच पाहावा, अशी सुशिक्षित समाजाची समजूत असते. ती कितपत बरोबर आहे हे पाहण्यासाठी एका अगदी लहान कामाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. ते काम म्हणजे कारखान्यातील नळीवर वेल्डिंगने झडप बसवणे.

झडप, म्हणजे कामगारांच्या बोलीतला व्हॉल्व्ह, ही नळीतील प्रवाह सोडणारी, रोखणारी किंवा कमीअधिक करणारी वस्तू होय. घरातील पाण्याची तोटी हे तिचे सर्वांत परिचित रूप. कारखान्यात हीच तोटी उच्च दाबाची वाफ, अमोनिया, क्लोरीन, पेट्रोल किंवा विषारी द्रावण यांच्यापुढे उभी असते. नळीला ती दोन प्रमुख प्रकारांनी जोडता येते. नळीच्या आणि झडपेच्या टोकांना रुंद कडा ठेवायच्या, त्यांच्यामध्ये गॅसकेट घालायचे आणि नटबोल्ट आवळायचे, हा झाला फ्लँजचा जोड. दुसऱ्या प्रकारात दोन्ही टोकांचे लोखंड वितळवून एकजीव करायचे. मराठी विश्वकोशाने त्याला वितळजोडकाम असे नाव दिले आहे.

फ्लँजचा जोड उघडता येतो, हा त्याचा गुण आणि तोच त्याचा दोष. झडप बिघडली तर बोल्ट सोडून तासाभरात ती बदलता येते. परंतु गॅसकेट कालांतराने निबर होते, उष्णतेच्या चढउतारांनी बोल्ट सैल पडतात आणि थेंबाथेंबाने गळती सुरू होते. म्हणून वाफेचा दाब फार असतो किंवा नळीतील द्रव्य जीवघेणे असते तेथे शक्यतो वितळजोड पसंत केला जातो. त्यात गळण्यास मुळी फटच उरत नाही. ही निवड शास्त्रशुद्ध आहे. मात्र तिची किंमत मोजावी लागते. एकदा जोडलेली झडप पुन्हा काढायची तर नळी कापावी लागते, आणि जोडाच्या पोटात काय आहे हे तो उघडून पाहण्याची सोय कायमची नाहीशी होते. फ्लँजचा दोष गळून आपली वर्दी देतो. वितळजोडाचा दोष पुष्कळदा शेवटच्या क्षणापर्यंत गप्प राहतो.

हा जोड प्रत्यक्षात कसा होतो हे समजून घेतले तर पुढील मुद्दा स्पष्ट होईल. प्रथम झडपेच्या अंगावरील बाण प्रवाहाच्या दिशेला आहे की नाही हे पाहावे लागते. काही जातींच्या झडपा उलट बसल्या तर काम करीत नाहीत आणि वितळजोडानंतर ही चूक सुधारण्यास करवतीवाचून उपाय नसतो. नळीची टोके घासून गंज, तेल, रंग काढून टाकायचे. टोकाला टोक भिडवून जोडायचे असेल तर दोन्ही कडा ठरावीक कोनात तासायच्या. मग चार ठिकाणी लहान टाके घालून झडप सरळ आहे याची खात्री करायची. झडपेच्या आत प्रवाह अडवणारे बैठकीचे कडे असते. ते टेफ्लॉनसारख्या मऊ पदार्थाचे असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने वितळते किंवा वाकडे होते. म्हणून निर्मात्याच्या सूचनेनुसार आतील भाग आधी काढून ठेवावे लागतात, किंवा झडपेचे अंग थंड राखत थांबून थांबून काम करावे लागते. गोळ्याची झडप बहुधा पूर्ण उघडी ठेवतात. तशी ठेवली नाही तर उडालेले ठिणग्यांचे कण गोळ्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर चिकटतात. विजेची अर्थिंगची पकड कोठे लावायची यालाही महत्त्व आहे. ती झडपेच्या पलीकडच्या बाजूस लावली तर वेल्डिंगचा प्रवाह झडपेतूनच वाहतो आणि तिच्या दांड्यावर व बैठकीवर बारीक खड्डे पडतात. पुढे झडप बंद केली तरी ती खऱ्या अर्थाने बंद होत नाही.

लहान व्यासाच्या नळ्यांसाठी आणखी एक रीत आहे. झडपेच्या टोकाला खोबण असते, नळी त्या खोबणीत घालायची आणि बाहेरून कडेने वितळजोड द्यायचा. येथे नियम असा की नळी खोबणीच्या तळाला टेकवायची आणि मग सुमारे १.६ मिलिमीटर मागे ओढून तेवढी पोकळी राखायची. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी लांबते. तिला वाढायला जागा ठेवली नाही तर ती खोबणीच्या तळावर दाबली जाते आणि तो सारा ताण नव्या, अजून थिजणाऱ्या जोडावर येऊन त्यात भेग पडू शकते. दीड मिलिमीटर म्हणजे साधारण एका नाण्याची जाडी. काम संपल्यावर ही पोकळी राखली की नाही हे बाहेरून डोळ्यांना कळत नाही. ते एका माणसाला ठाऊक असते, आणि तो माणूस म्हणजे वेल्डर.

तपासणीची साधने नाहीत असे मुळीच नाही. टोकाला टोक भिडवलेल्या जोडाचे क्ष-किरण छायाचित्र घेता येते. पृष्ठभागावरील बारीक भेगा रंगद्रवाने किंवा चुंबकीय कणांनी उघड करता येतात. शेवटी नळीत पाणी भरून नेहमीपेक्षा अधिक दाब देतात आणि ती टिकते की नाही ते पाहतात. परंतु प्रत्येक साधनाची मर्यादा आहे. खोबणीतल्या कोनी जोडाची परीक्षा क्ष-किरणांनीही समाधानकारक होत नाही. पाण्याची परीक्षा जोड आज गळतो की नाही एवढेच सांगते, दहा वर्षांच्या तापण्या-निवण्यानंतर तो काय करील हे सांगत नाही. शिवाय सर्वच जोडांची छायाचित्रे घेतली जात नाहीत. पुष्कळ ठिकाणी ठरावीक प्रमाणात नमुने निवडून तपासले जातात. उरलेल्या जोडांचा भरवसा अखेर जोडणाऱ्याच्या कौशल्यावर, त्याला मिळालेल्या वेळेवर आणि त्याच्या सचोटीवर असतो.

लहान वितळजोडाकडे दुर्लक्ष केल्याने काय होते याचे एक दारुण उदाहरण उत्तर समुद्रात घडले. २७ मार्च १९८० रोजी नॉर्वेच्या सागरी हद्दीतील ‘अलेक्झांडर किलंड’ हा तरंगता मंच वादळात उलटला आणि त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ जण मरण पावले. खोदकामगारांच्या निवासासाठी तो वापरला जात होता. चौकशीत आढळले की मंचाच्या एका भक्कम आडव्या तुळईला समुद्रातील ध्वनी टिपणारे एक उपकरण बसवण्यासाठी आधार जोडलेला होता आणि नाशाची सुरुवात त्या आधाराच्या सहा मिलिमीटरच्या कोनी जोडापासून झाली होती. तुळईच्या मानाने तो आधार क्षुद्र होता. त्याच्यावर कसलाही मोठा भार यायचा नव्हता, म्हणून त्याच्या जोडाकडे कोणी गांभीर्याने पाहिले नव्हते. तुटलेल्या पृष्ठभागाची परीक्षा करताना तज्ज्ञांना भेगेच्या आत रंगाचे अंश सापडले. याचा अर्थ मंच बांधला जात असतानाच, रंगकामाच्या आधी, ती भेग पडलेली होती. पुढे समुद्राच्या लाटांनी तिला हळूहळू वाढवले. रंगाच्या थराखाली ती भेग वर्षानुवर्षे होती आणि कागदोपत्री सर्व काही ठीक होते.

यावर कोणी म्हणेल की मग उघडता येणारे जोडच बरे. जयपूरची घटना त्याचेही उत्तर देते. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या आगारात पेट्रोल दुसऱ्या कंपनीच्या आगाराकडे पाठवण्याची तयारी चालू होती. नळीवर ‘हॅमर ब्लाइंड’ जातीची झडप होती. तिची स्थिती बदलताना तिचा वरचा भाग उघडा पडतो. त्या अवस्थेत टाकीकडची झडपही उघडली गेली आणि पेट्रोलचे कारंजे उसळले. वाफेने कर्मचारी बेशुद्ध पडले, गळती थांबवणारा कोणी उरला नाही, सुमारे सव्वा तासानंतर स्फोट झाला आणि अकरा माणसे दगावली. आग अकरा दिवस जळत होती. एम. बी. लाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या झडपेच्या रचनेवर बोट ठेवले, तसेच दूरवरून चालणारी बंद करण्याची व्यवस्था कामात नव्हती आणि जागेवर पुरेशी माणसे नव्हती हेही नोंदवले. धोकादायक द्रव्य उघड्यावर येण्याची शक्यताच उरू नये, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे आणि तो वितळजोडाच्याच बाजूने जातो. म्हणून वितळजोड असावा की नसावा हा वादाचा विषय होऊ शकत नाही. तो कोणी, कोणत्या परिस्थितीत आणि कोणाच्या देखरेखीखाली करावा, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्राला या प्रश्नाकडे परक्याचा म्हणून पाहता येणार नाही. ५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठण्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या वायू प्रकल्पात गळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे, कुरकुंभ ही नावे आज रसायन उद्योगाची म्हणून ओळखली जातात. या पट्ट्यांतील कारखाने वर्षाकाठी काही दिवस देखभालीसाठी बंद ठेवले जातात. त्या काळात जुन्या झडपा कापून नव्या बसवण्याचे काम कंत्राटदारांकडे आणि त्यांच्या पोटकंत्राटदारांकडे जाते. बंद कारखान्याचा प्रत्येक दिवस मालकाला तोट्याचा, म्हणून मुदत कडक असते. संधाता आज या गावात तर उद्या दुसऱ्या राज्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या यादीत या व्यवसायाला ‘संधाता’ असे भारदस्त नाव आहे आणि त्याचे शिक्षण एका वर्षाचे आहे. प्रत्यक्ष कामावर त्याची ओळख पुष्कळदा हजेरीपटावरच्या एका ओळीएवढीच उरते. दीड मिलिमीटरची पोकळी राखण्यासाठी लागणारी पाच मिनिटे त्याला कोणी देतो काय, आणि ती मागितली तर दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतात काय, यावर पुढील वीस वर्षांची सुरक्षितता अवलंबून असते.

येथे कायद्याचा संबंध येतो. आपल्याकडे बाष्पकांच्या सरकारी तपासणीचा विचार १८६३ साली कलकत्त्यात बाष्पकाचा मोठा स्फोट होऊन माणसे मेल्यानंतर सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालने त्यासाठी कायदा केला. निरनिराळ्या प्रांतांच्या कायद्यांत एकवाक्यता आणण्यासाठी १९२३ चा केंद्रीय कायदा आला आणि १९५० च्या नियमावलीने वाफेच्या नळ्यांवर काम करणाऱ्या वेल्डरची परीक्षा बंधनकारक केली. या परीक्षेत त्याने जोडलेले नमुने वाकवून, तोडून पाहिले जातात आणि उत्तीर्ण झाल्यासच त्याला प्रमाणपत्र मिळते. ही व्यवस्था निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु जोड करणारा माणूस कायद्याच्या दृष्टीस पडला पाहिजे, हे तत्त्व तिने मान्य केले होते.

आता विसंगती पाहा. ही वैधानिक परीक्षा आहे ती वाफेसाठी. त्याच कारखान्यात, त्याच पाडावर, शेजारच्या नळीतून विषारी वायू वाहत असेल तर तीवर काम करणाऱ्या संधात्याची पात्रता ही बहुतांशी उद्योगाच्या मानकांवर आणि मालक-कंत्राटदार यांच्यातील करारावर सोडलेली असते. मोठ्या कंपन्या ही मानके काटेकोरपणे पाळतात. प्रत्येक जोडाशेजारी वेल्डरचा क्रमांक कोरतात, नकाशावर त्याची नोंद ठेवतात आणि सहा महिने त्याने त्या पद्धतीचे काम केले नसेल तर त्याची पात्रता संपली असे धरतात. पण मध्यम व लहान कारखान्यांत हे सर्व स्वेच्छेवर उरते. वाफ भाजते म्हणून कायदा जागा राहिला आणि वायू दिसत नाही म्हणून तो निवांत राहिला, असे या स्थितीचे वर्णन करावे लागेल.

२०२५ च्या बदलांनी ही विसंगती दूर केली नाही. नव्या बाष्पक कायद्याने जुन्या सात गुन्ह्यांपैकी जीवितहानीची शक्यता असलेल्या चार गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा कायम ठेवली आणि उरलेल्यांना दंडावर आणले. दुरुस्तीचे काम पात्र व सक्षम व्यक्तींनीच करावे असेही त्यात आहे. हे स्वागतार्ह आहे. सरकारी निरीक्षकाऐवजी त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करण्याची वाट २००७ च्या दुरुस्तीनेच मोकळी झाली होती. नव्या सुरक्षा संहितेत निरीक्षकाचे नाव ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ असे झाले आहे. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी १९७० च्या मूळ कायद्यात वीस कामगारांपासून लागू होत होत्या, आता त्या पन्नासपासून लागू होतात. तीस-चाळीस संधाते व जोडारी घेऊन फिरणारा कंत्राटदार या भागाच्या कक्षेबाहेर राहतो. कारखान्याच्या मालकाची सुरक्षिततेची जबाबदारी यामुळे संपत नाही, हे खरे. पण ज्या माणसाच्या हाताने जोड होतो तो कायद्याच्या नजरेपासून एक पाऊल दूर गेला, हेही तितकेच खरे.

उद्योजकांची बाजू ऐकली पाहिजे. निरीक्षकांचा जाच, वशिला, कागदांचे ढिगारे, एका सहीसाठी महिनोन्महिने खेटे, या तक्रारी काल्पनिक नाहीत. सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्या वाचकांना त्यांची सत्यता आतून ठाऊक असेल. प्रत्येक झडपेसाठी मुंबईहून अधिकारी यावा अशी मागणी कोणी करीत नाही. परंतु निरीक्षकाचा जाच कमी करणे आणि निरीक्षणच कमी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्रयस्थ तपासनीस हा नावाप्रमाणे त्रयस्थ असावयाचा तर त्याची नेमणूक आणि त्याचे पैसे ज्याचे काम तपासायचे त्याच्याच हाती असून चालणार नाही. लेखापरीक्षणात हे तत्त्व आपण निदान तोंडाने तरी मान्य करतो. बँकेच्या जमाखर्चापेक्षा नळीतील अमोनियाचा हिशेब कमी महत्त्वाचा आहे काय?

यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की वेल्डरची वैधानिक परीक्षा वाफेपुरती न ठेवता घातक रसायनांच्या सर्व नळ्यांना लागू करावी. त्यासाठी नवी संस्था उभारण्याची गरज नाही. बाष्पके संचालनालये आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था राज्याराज्यांत आहेत. दुसरी, परीक्षेचे व कामाचे नोंदपुस्तक कंत्राटदाराच्या कपाटात न राहता स्वतः संधात्याजवळ असावे आणि ते सर्व राज्यांत मान्य व्हावे. त्याने कोठे, कोणत्या धातूवर, कोणत्या पद्धतीने काम केले याची नोंद हीच त्याची पदवी ठरेल. आज तो दर नव्या कामावर अनामिक म्हणून उभा राहतो. नोंदपुस्तक हाती असेल तर कारागीर म्हणून उभा राहील आणि ‘या स्थितीत हा जोड करता येणार नाही’ असे म्हणण्याचे बळ त्याला येईल. तिसरी, धोकादायक नळीवरील जोडांचा नकाशा आणि तपासणीचे अहवाल कारखान्याच्या सुरक्षा समितीला पाहता आले पाहिजेत. या समितीत कामगारांचे प्रतिनिधी असतात. अपघातानंतर चौकशी समितीला जे कागद मिळतात ते अपघातापूर्वी त्यांना मिळण्यात कोणाचे नुकसान आहे, हे समजणे कठीण आहे.

या तिन्हींपैकी एकही मागणी महागडी नाही. एका देखभाल-बंदीचा कालावधी थोडा वाढेल, काही कंत्राटांचे दर चढतील. त्या खर्चाच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे हे जयपूर आणि नागोठणे यांनी दाखवून दिले आहे. संहितेखालील नियम राज्यांनी करायचे असतात. त्यामुळे मुंबईच्या सरकारने मनावर घेतले तर घातक नळ्यांच्या बाबतीत केंद्राकडे बोट दाखवण्याची गरज पडणार नाही.

शेवटी एक मुद्दा शिक्षकांसाठी. दहावीनंतर मुलगा आयटीआयला गेला की त्याचे शिक्षण फसले, असा सूर आपल्या घरांत आणि शाळांत अजून लागतो. संधात्याच्या वाट्याला येणारी अनामिकता ही कंत्राटदाराने निर्माण केली हे अर्धे सत्य आहे. उरलेली आपण निर्माण केली. लिहिणाऱ्या हाताची सही आपण जपून ठेवतो आणि जोडणाऱ्या हाताचा क्रमांक कोणी कोरला की नाही याची विचारपूसही करीत नाही. महाडच्या किंवा लोट्याच्या परिसरातील शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या त्या नळ्यांवर काम करणार आणि उरलेले त्या नळ्यांच्या आसपास राहणार, हे माहीत असते. नव्या संहितेखालील नियमांवर हरकती व सूचना मागवल्या जातात तेव्हा त्या पाठवणाऱ्यांत मालकांच्या संघटना असतात, क्वचित कामगार संघटना असतात. शेजारच्या गावातील शाळा, ग्रामपंचायत आणि शिक्षक संघ यांनाही तो अधिकार आहे. तो त्यांनी वापरावा.